आठवण पक्की असते, मग चुकते कशी? : वाचकांचे प्रश्न

स्मरणाविषयी बडोद्यातल्या वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. ज्या प्रश्नांत घरातले वाद, वडीलधाऱ्यांच्या आठवणी किंवा कोर्टाची तारीख गुंतली आहे, त्यांना जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : २६ जानेवारी २००१ ला भूकंप झाला तेव्हा मी आठवीत होते. मला स्वच्छ आठवतं की धाकटा भाऊ माझ्याबरोबर आमच्या गच्चीवर होता आणि टाकीतलं पाणी हिंदकळून बाहेर पडत होतं. तो म्हणतो, मी शाळेच्या मैदानावर झेंडावंदनाला होतो. दोघंही शपथेवर सांगायला तयार आहोत. दर वर्षी त्या तारखेला हा वाद निघतो. खोटं कोण बोलतंय?
– र. कु., वाडी

उत्तर : खोटं कुणीच बोलत नाही. एकाचं सगळं बरोबर आणि दुसऱ्याचं सगळं चूक, असंही बहुधा नसेल.

प्रसंग मेंदूत एका जागी, अखंड असा साठत नाही. पाहिलेलं एका भागात, ऐकलेलं दुसऱ्या भागात, भीतीची खूण अमिग्डाला नावाच्या बदामाएवढ्या भागात उमटते. हे सगळं एकाच वेळचं आहे, ही जोडणी हिप्पोकॅम्पस नावाचा मेंदूचा भाग सांभाळतो. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या तरुणावर फिट्स थांबवण्यासाठी शस्त्रक्रिया झाली आणि तीत दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग काढला गेला. लहानपणच्या गोष्टी तो पुढेही सांगू शके, पण २००८ मध्ये मृत्यू येईपर्यंत नवा प्रसंग त्याच्या मनात टिकत नसे.

आपण आठवतो तेव्हा हे विखुरलेले तुकडे दर वेळी नव्याने जुळवले जातात. मधल्या फटी 'अशा वेळी साधारणपणे असं असतं' या माहितीने भरून निघतात. कीर्तनकार आख्यान लावतो तेव्हा कथेचा सांगाडा ठरलेला असतो आणि बाकीची भर त्या संध्याकाळी पडते, तसंच हे. कोणता तुकडा मूळचा आणि कोणता मागाहून भरलेला, हे मात्र आठवणाऱ्याला आतून कळत नाही. दोन्ही सारखेच खरे वाटतात. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली हे दाखवून दिलं. त्यांनी इंग्रज वाचकांना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि काही काळाने ती आठवून सांगायला लावली. कथा आखूड होत गेली, भुतांचा न कळणारा भाग गळत गेला, सीलच्या शिकारीची साधी मासेमारी झाली. लोकांनी मुद्दाम काही बदललं नव्हतं. त्यांना जे ओळखीचं होतं, तिकडे कथा सरकली.

धक्कादायक दिवसांची आठवण कोरल्यासारखी टिकते, असा आपला समज असतो. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर अंतराळयानाचा स्फोट झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी उल्रिक नायसर आणि निकोल हार्श यांनी अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, की बातमी कुठे कळली, कुणी सांगितली, सोबत कोण होतं. अडीच वर्षांहून अधिक काळ गेल्यावर त्यांतल्या ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. प्रत्येक मुद्दा जुळला तो फक्त तिघांचा. ११ जणांचा एकही मुख्य मुद्दा जुळला नाही. तरीही बहुतेकांना स्वतःच्या उत्तरांची चांगली खात्री होती. त्यांच्याच हस्ताक्षरातले जुने कागद समोर ठेवूनही मूळ आठवण परत आली नाही.

त्याच अभ्यासातली एक गोष्ट तुमच्या वादाला थेट लागू पडते. 'बातमी पहिल्यांदा टीव्हीवर कळली' असं सुरुवातीला २१ टक्के लोकांनी लिहिलं होतं. पुढे ४५ टक्के लोक तसं म्हणू लागले. टीव्ही सगळ्यांनी नंतर पुष्कळ पाहिला होता आणि तो नंतरचा क्षण आठवणीत पहिल्या जागेवर जाऊन बसला. भुजची दृश्यं तुम्हीही पुढचे कित्येक दिवस पाहिली असतील. शिवाय भावाच्या मनात दर वर्षीचं झेंडावंदन आहे, तेव्हा एखाद्या दुसऱ्या वर्षीचं मैदान त्या सकाळी शिरणं सहज शक्य आहे. तुमच्या बाजूनेही तेच. गच्ची आणि टाकी खरी असेल, पण शेजारी भाऊ होता हे नंतर घरात झालेल्या बोलण्यातून आलेलं असू शकतं.

वाद सोडवायचाच असेल तर एकमेकांशी बोलणं आधी थांबवा. दोघांनी वेगवेगळ्या कागदावर आठवतं ते लिहा आणि प्रत्येक ओळीपुढे 'पाहिलं', 'ऐकलं' किंवा 'असणार' यांतला एक शब्द टाका. धक्का बसला तो सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी, हे नक्की आहे. शाळेचा त्या दिवसाचा कार्यक्रम किती वाजता सुरू व्हायचा आणि कधी सुटायचा, हे शोधा. वाद ज्याला ठाऊक नाही अशा एखाद्या शेजाऱ्याला किंवा वर्गमित्राला विचारा, पण 'हा मैदानावर होता का?' असं नव्हे. 'तू कुठे होतास, सोबत कोण होतं?' असं विचारा. ती टाकी २००१ मध्ये गच्चीवर बसवलेली होती का, हेही पाहून घ्या.

चित्र किती स्वच्छ दिसतं, हा पुरावा धरू नका. जेनिफर टॅलॅरिको आणि डेव्हिड रुबिन यांनी २००३ साली ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांबद्दलच्या आठवणी त्याच दिवसांतल्या साध्यासुध्या आठवणींशी ताडून पाहिल्या. दोन्हींतली सुसंगती सारख्याच वेगाने घटली होती. फरक इतकाच की हल्ल्यांची आठवण लोकांना कायम जिवंत आणि खात्रीची वाटत राहिली. तेव्हा बाहेरचा पुरावा मिळाला नाही, तर दोन्ही आठवणी तशाच लिहून ठेवा. दर वर्षी भांडून आपापली बाजू पुन्हा सांगितली की ती फक्त घोटली जाते, जास्त खरी होत नाही.

प्रश्न : माझ्या आजीचा जन्म १९४० चा, बडोद्यातलाच. तिचं माहेर सयाजीराव महाराजांच्या काळात साताऱ्याकडून इथे आलं. तिच्या आठवणी मोबाइलवर रेकॉर्ड करायच्या आहेत. पण ती बोलायला लागली की मामा आणि मावशी शेजारी बसून दुरुस्त्या करतात. घरात जुना अल्बमही आहे. आजी म्हणते, सयाजीराव महाराजांची मिरवणूक मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. सुरुवात कशी करू?
– अ. दे., दांडिया बाजार

उत्तर : काम फार मोलाचं आहे आणि ते लवकर करावं. पण पद्धत चुकली तर आजींची आठवण राहील बाजूला आणि मामा-मावशींची आठवण आजींच्या आवाजात रेकॉर्ड होईल.

पहिल्या दोन-तीन बैठका आजींच्या एकटीच्या ठेवा. सकाळी, चहानाश्त्यानंतर, ४० ते ४५ मिनिटं, त्याहून जास्त नको. थकलेला माणूस प्रश्न टाळण्यासाठी 'हो हो' म्हणू लागतो. पंखा बंद करा, नाहीतर त्याची घरघर सगळ्या रेकॉर्डिंगवर बसते. फोन एअरप्लेन मोडवर टाका, दुमडलेल्या नॅपकिनवर आजींपासून हातभर अंतरावर ठेवा, एक मिनिट रेकॉर्ड करून ऐकून बघा. सुरुवातीला तारीख, जागा आणि हजर असलेल्यांची नावं मोठ्याने सांगा.

पहिला प्रश्न मोकळा हवा. 'आजी, लग्न होऊन या घरात आलीस त्या दिवसाचं जे जे आठवतं ते सांग, क्षुल्लक वाटलं तरी सांग.' मग मध्ये बोलू नका. ती थांबली की मनात दहापर्यंत मोजा. पुष्कळदा खरा तपशील त्या थांबण्यानंतर येतो. बोलणं आटलं की तिला त्या जागी न्या. चूल कुठे होती, खिडकीतून काय दिसायचं, उजेड कुठून यायचा, अंगावर काय होतं. त्यानंतर तोच प्रसंग शेवटाकडून मागे सांगायला लावा. सरळ क्रमाने सांगताना 'असंच झालं असणार' ही भर सहज पडते. उलट्या क्रमाने ती कमी पडते आणि गाळलेला एखादा तुकडा हाती लागतो. रोनाल्ड फिशर आणि एडवर्ड गायझलमन यांनी १९८० च्या दशकात साक्षीदारांशी बोलण्यासाठी जी पद्धत बसवली, तिचे हे मुख्य भाग आहेत. आजी-आजोबांसाठीही ती उत्तम चालते.

उत्तर ज्यात दडलेलं आहे असा प्रश्न विचारू नका. 'तेव्हा मोठे काका होते ना?' असं विचारलंत की काका त्या प्रसंगात कायमचे येऊन बसतील. 'कोण कोण होतं?' एवढंच पुरे. प्रत्येक महत्त्वाच्या विधानानंतर हळूच विचारा, 'हे तू पाहिलंस, का कुणी सांगितलं?' आणि 'नाही गं आठवत' या उत्तराचं मनापासून स्वागत करा. नातवंडाला नाराज करायचं नाही म्हणून माणूस काहीतरी जुळवून सांगतो, आणि पुढच्या बैठकीत ते जुळवलेलं त्यालाही खरं वाटू लागतं.

अल्बम अगदी शेवटच्या बैठकीत काढा. आधी फोटो दाखवला की आजी फोटोचं वर्णन करील आणि तुम्हाला वाटेल ती प्रसंग आठवते आहे. फोटोत किती ताकद असते याचा एक प्रयोग २००२ साली झाला. किम्बर्ली वेड आणि तिच्या सहकाऱ्यांनी २० जणांना त्यांच्या लहानपणीचे खरे फोटो दाखवले आणि त्यांत एक बनावट मिसळला. तो माणूस लहानपणी गरम हवेच्या फुग्यात बसल्याचा. ती सफर कधी घडलीच नव्हती. तिसऱ्या मुलाखतीपर्यंत त्यांतल्या निम्म्या लोकांना ती थोडीफार किंवा चांगलीच 'आठवू' लागली होती.

मामा आणि मावशी यांचंही रेकॉर्डिंग करा, पण वेगवेगळं आणि आजींचं ऐकवण्याआधी. फिओना गॅबर्ट आणि सहकाऱ्यांनी २००३ साली माणसांच्या जोड्यांना एकाच घटनेचे थोडे वेगळे व्हिडिओ दाखवले. दोघांना वाटत होतं की आपण तेच पाहिलं. आपसात बोलणं झाल्यावर ७१ टक्के लोकांनी, स्वतः न पाहिलेला आणि फक्त जोडीदाराकडून ऐकलेला तपशील स्वतःची आठवण म्हणून सांगितला. तुमच्या घरात हे बोलणं गेली पन्नास वर्षं चालू असणार. तरी आतापासून वेगळं घेतलं तर कोण कुणाचं उचलतं हे निदान दिसेल.

सालं विचारून फारसं हाती लागत नाही. माणूस जुनी गोष्ट पुष्कळदा असते त्याहून अलीकडची सांगतो. त्याऐवजी खुंट्या वापरा. बडोदा संस्थान १ मे १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं, १ मे १९६० ला गुजरात राज्य झालं, १९७१ च्या युद्धात रात्री ब्लॅकआउट होत. यांच्या आधी की नंतर, असं विचारा. घरातल्या खुंट्या त्याहून पक्क्या असतात : 'थोरला पोटात होता का?', 'सासूबाई होत्या का?' विश्वामित्रीच्या पुरांबाबत तर हे हवंच. २०१९ च्या जुलै अखेरचा आणि २०२४ च्या ऑगस्टमधला, असे दोन मोठे पूर आत्ताच लोकांच्या बोलण्यात एकमेकांत मिसळू लागले आहेत. पाणी कितव्या पायरीपर्यंत आलं ते सगळे सांगतात, पण ती पायरी कोणत्या पुराची, हे त्या वेळी घरात कोण आजारी होतं किंवा कुणाचं लग्न ठरलं होतं यावरूनच ठरतं.

आजचं दृश्यही मागे सरकतं. सुरसागरच्या मधोमध उभा असलेला शंकराचा पुतळा आता इतका ओळखीचा आहे की १९६० च्या दशकातली तळ्याकाठची संध्याकाळ सांगतानाही कुणी त्याचं वर्णन करील. त्या काळी तिथे तो नव्हता. म्हणून ती संध्याकाळच खोटी ठरत नाही. तिच्यात आजचा एक तुकडा शिरलेला असतो, इतकंच.

आता मिरवणुकीचं. तिसरे सयाजीराव ६ फेब्रुवारी १९३९ ला गेले. आजींचा जन्म १९४० चा. तेव्हा त्यांनी पाहिलेली मिरवणूक बहुधा प्रतापसिंहरावांची असावी, ते १९३९ मध्ये गादीवर आले. किंवा ती पणजीने पाहिलेली आणि लहानपणी इतक्यांदा ऐकलेली, की तिचं चित्रच मनात तयार झालं. हे समोर बसून आजींना दुरुस्त करू नका. त्यांनी सांगितलं तसंच्या तसं उतरवा आणि खाली टीप द्या. मग दुसऱ्या दिवशी विचारा, 'मिरवणुकीच्या वेळी तू कुणाच्या कडेवर होतीस? रस्त्याच्या कोणत्या बाजूला?' उत्तरात उंची, बाजू, कुणाचा हात असं काही आलं तर पाहिल्याची शक्यता वाढते. फक्त महाराजांचा पोशाख आणि हत्तीच आला तर ऐकल्याची. ही कसोटी कच्ची आहे, निकाल म्हणून वापरू नका. चुकलेली आठवणही इथे कामाची आहे. तुमच्या पणजीच्या घरात काय सांगितलं जात होतं, हे तीच दाखवते.

प्रत्येक फाइलला तारीख आणि विषय यांचं नाव त्याच दिवशी द्या आणि दोन ठिकाणी साठवा.

प्रश्न : अडीच वर्षांपूर्वी फतेगंजजवळ माझ्यासमोर कार आणि स्कूटरचा अपघात झाला. पोलिसांनी दोन दिवसांनी जबाब घेतला. आता साक्षीचं समन्स आलं आहे. दुसरे एक साक्षीदार म्हणतात, आपण भेटून सगळं एकदा आठवून घेऊ. जाऊ का?
– एक वाचक, निझामपुरा

उत्तर : जाऊ नका. तुमचा हेतू स्वच्छ असला तरी त्या भेटीनंतर तुमचं कोणतं आणि त्यांचं कोणतं, हे तुम्हालाच सांगता येणार नाही.

वेगाबद्दल तर फार जपून बोला. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली लोकांना अपघाताची तीच चित्रफीत दाखवली आणि वेग विचारताना फक्त क्रियापद बदललं. गाड्या 'एकमेकींवर आदळून चुरा झाल्या' अशा अर्थाचा शब्द वापरला तेव्हा सरासरी अंदाज ताशी ४०.८ मैल आला. 'एकमेकींना लागल्या' अशा अर्थाचा सौम्य शब्द वापरला तेव्हा ३१.८ मैल. दुसऱ्या प्रयोगात एका आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली का? चित्रफितीत काच नव्हतीच. जोरदार शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जण 'हो' म्हणाले, साध्या 'धडकल्या' अशा शब्दाच्या गटात ५० पैकी ७. प्रश्न फक्त उत्तर काढून घेत नाही, आठवणीतही भर घालून जातो. आपल्या कायद्यात सरतपासणीत, म्हणजे साक्षीदाराला बोलावणाऱ्या बाजूचा वकील विचारतो तेव्हा, सूचक (उत्तर ज्यात दडलेलं आहे अशा) प्रश्नांवर बंधन आहे. उलटतपासणीत मात्र ते चालतात, म्हणून प्रश्न पूर्ण ऐका आणि त्यातला शब्द पटत नसेल तर तो न उचलता तुमच्या शब्दांत उत्तर द्या.

त्या दिवशी किंवा लगेचच तुम्ही स्वतः काही लिहिलं असेल, घरी पाठवलेला मेसेजही, तर तो शोधून सरकारी वकिलांना दाखवा. घटनेच्या वेळी किंवा आठवण ताजी असताना स्वतः केलेल्या लेखी नोंदीचा आधार साक्षीदाराला साक्षीच्या वेळी घेता येतो, अशी तरतूद १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात होती आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. विरुद्ध बाजूला ती नोंद पाहून त्यावर प्रश्न विचारता येतात. काही लिहिलेलं नसेल तर आज बसून 'नोंद' तयार करू नका. अपघाताचा फिरता व्हिडिओ, बातमीचं कात्रण, कुणी काढलेला नकाशा, यांतलं काहीही आता पाहू नका. जागेवरही मुद्दाम जाऊ नका. अडीच वर्षांत तिथला सिग्नल, दुभाजक, दुकानं बदललेली असू शकतात आणि आजचं दृश्य जुन्यावर बसेल.

चालकाला ओळखायला सांगितलं तर खात्री नसताना बोट दाखवू नका. अमेरिकेत रोनाल्ड कॉटन या माणसाला १९८४ मधल्या बलात्काराच्या गुन्ह्यात पीडितेने आधी फोटोंतून, मग ओळखपरेडमध्ये ओळखलं. ती पूर्ण प्रामाणिक होती आणि कोर्टात तिला पूर्ण खात्री होती. १९९५ मध्ये डीएनए चाचणीने तो निर्दोष ठरला. फोटोत पाहिलेला चेहरा परेडमध्ये ओळखीचा वाटतो आणि मनाला वाटतं की हा गुन्ह्याच्या वेळचाच. अमेरिकेत डीएनएमुळे सुटलेल्या निरपराधांच्या खटल्यांपैकी सुमारे ७० टक्क्यांत साक्षीदारांनी चुकीचा माणूस ओळखलेला होता.

आठवत नाही तिथे 'आठवत नाही' म्हणा. तेही तुमच्या शपथेत बसतं.

प्रश्न : मला मी एक वर्षाचा असतानाचं आठवतं. पाळण्यावरची लाल झालर दिसते. हे शक्य आहे का?
– स. पा., मांडवी

उत्तर : जवळजवळ नाहीच. मोठ्या माणसांना टिकून राहिलेली सर्वांत जुनी आठवण सरासरी तीन ते साडेतीन वर्षांच्या वयाची असते. झालर खरी असेल, पण ती फोटोतून किंवा आईच्या बोलण्यातून आली असावी. बालमानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांना पॅरिसच्या रस्त्यावर आपल्याला पळवण्याचा प्रयत्न झाल्याचं आणि दाईने झुंजून वाचवल्याचं स्पष्ट दिसत असे, दाईच्या चेहऱ्यावरच्या ओरखड्यांसकट. ते सुमारे पंधरा वर्षांचे असताना त्याच दाईने कबूल केलं की ती हकीकत तिने रचली होती, आणि बक्षीस मिळालेलं घड्याळ परत केलं.

प्रश्न : पाच वर्षांचा मुलगा शाळेतून दंडावर ओरखडा घेऊन आला. आधी म्हणाला पडलो, मग म्हणाला दादाने ढकललं. आम्ही सगळ्यांनी आळीपाळीने विचारलं, दर वेळी उत्तर वेगळं. काय मानायचं?
– एक आई, कारेलीबाग

उत्तर : पहिलं, न विचारता आलेलं वाक्य सर्वांत जपून ठेवा. या वयाच्या मुलाला तोच प्रश्न पुन्हा विचारला की त्याला वाटतं, आपलं आधीचं उत्तर चुकलं, आणि तो बदलतो. 'हो-नाही' चे प्रश्न तर त्याहून वाईट. ज्याची कल्पनाच नाही अशा गोष्टीलाही तो 'हो' म्हणेल. आजी, आत्या, बाबा अशी प्रत्येकाची फेरी बंद करा.

ज्याच्याशी तो मोकळा बोलतो अशा एकाच माणसाने, खेळताना, एकदाच विचारावं : 'हाताला काय झालं ते सांग.' मग फक्त 'बरं, आणि मग?' नाव, जागा, 'ढकललं', 'मारलं' असे शब्द तुमच्याकडून जाऊ देऊ नका. 'तुला माहीत नसेल तर माहीत नाही म्हण' हे आधी सांगा. तुमचा प्रश्न आणि त्याचं उत्तर, दोन्ही शब्दशः, वेळेसकट लिहा. ओरखड्याचा फोटो काढा, शेजारी मापासाठी नाणं ठेवा.

लैंगिक छळाची शंका आली तर घरी चौकशी करत बसू नका. १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर किंवा पोलिसांकडे जा. पॉक्सो कायद्याप्रमाणे मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याकडून घेतला जातो. घरी दहादा विचारून झालेलं असलं तर त्या जबाबाची किंमत घटते आणि नुकसान मुलाचं होतं.

प्रश्न : धडा चार वेळा वाचते तेव्हा सगळं येतं असं वाटतं. परीक्षेत मात्र डोकं रिकामं.
– सयाजीराव विद्यापीठाची विद्यार्थिनी

उत्तर : पान ओळखीचं वाटणं आणि ते पानाशिवाय उभं करता येणं, ही दोन वेगळी कामं आहेत. तुम्ही पहिल्याचा सराव करता आणि परीक्षेत दुसरं विचारतात. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात एका गटाने उतारा वाचण्याच्या चार पाळ्या केल्या. दुसऱ्याने एका पाळीत वाचला आणि तीनदा न बघता लिहिला. पाच मिनिटांनी वाचणाऱ्यांना ८३ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ७१. आठवड्याने वाचणाऱ्यांचं ४० वर आलं, लिहिणाऱ्यांचं ६१ वर राहिलं.

धडा एकदा नीट वाचा, पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर दहा मिनिटं आठवेल ते लिहा. मग लगेच पुस्तक उघडून चुका लाल पेनने दुरुस्त करा. ही पायरी गाळू नका, कारण न तपासलेली चूकही अशाच सरावाने पक्की होते. दुसऱ्या दिवशी, तीन दिवसांनी आणि आठवड्याने पुन्हा कोरा कागद घ्या.

प्रश्न : बाबा ७२ वर्षांचे आहेत. बीपीची गोळी घेतली की नाही, हे त्यांना अर्ध्या तासात आठवत नाही. दोनदा डबल डोस झाला. हे विस्मरणाचं दुखणं आहे का?
– म. जो., राजमहल रोड

उत्तर : एवढ्यावरून नाही. रोज त्याच वेळी, त्याच पेल्याने, त्याच जागी केलेल्या कृतीला वेगळी ओळख नसते. बाबांना गोळी घेतल्याचं चित्र दिसतं, पण ते आजचं की कालचं हे त्या चित्रात कुठेच लिहिलेलं नसतं. चाळिशीतल्या माणसालाही कुलूप लावलं की नाही याबद्दल हेच होतं. अशा आठवणीवर जोर देऊन उपयोग नाही, काम बाहेरच्या वस्तूवर सोपवा.

औषधाच्या दुकानात सात कप्प्यांचा डबा मिळतो. दोन वेळच्या गोळ्या असतील तर चौदा कप्प्यांचा घ्या. दर रविवारी घरातल्या दुसऱ्या माणसाने तो भरावा आणि मूळ पाकिटं बाबांच्या हाताशी ठेवू नयेत, नाहीतर डबा असूनही पाकिटातली गोळी घेतली जाते. ज्या गोळ्या पाकिटातच ठेवायला सांगितलं असेल त्या डब्यात काढू नका, फार्मसिस्टला एकदा विचारून घ्या. कप्पा रिकामा असेल तर गोळी झाली, भरलेला असेल तर राहिली. डबा नसताना शंका आली तर अंदाजाने दुसरी गोळी देऊ नका, आणि चुकलेल्या डोसचं काय करायचं हे त्या त्या औषधासाठी डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.

डॉक्टरांकडे लवकर जायचं ते वेगळ्या लक्षणांसाठी. ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणं, नुकताच विचारलेला प्रश्न तासाभरात अनेकदा विचारणं, रोजचा हिशेब किंवा स्वयंपाकाचा क्रम न जमणं, आणि हे सगळं काही महिन्यांत वाढत जाणं. तेव्हाही घाबरण्याआधी बी-१२ आणि थायरॉइडची तपासणी, झोप, उदासी आणि चालू असलेली औषधं बघितली जातात. झोपेच्या आणि सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांनीही वयस्कर माणसाला गोंधळायला होतं. त्यामुळे बाबा घेतात ती सगळी औषधं, दुकानातून परस्पर आणलेलीसुद्धा, पिशवीत घालून सोबत न्या. काय विसरतात, कधी आणि किती वेळा, याची दोन आठवड्यांची नोंद तारखेसह वहीत करून न्या.